मागच्या खोलीतले बोलणे

मी, खाली सही करणारा, पेशाने पुस्तकबांधणी करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, हे मृत्युपत्र राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मी कसल्या अमलाखाली नाही. किळस तेवढी आलेली आहे. पण किळस आल्याने मृत्युपत्र बाद ठरत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मागची खोली मुलाला दिली होती.

कलम एक. पुढच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर माझ्या एकुलत्या एका मुलाला, शेवटच्या कलमातील अटीवर. मुलगा प्रवचनकार आहे. आवाज आईचा घेतला आहे, गोड. ती तो जपून वापरायची.

कलम दोन. दाबयंत्र, शिवणीची चौकट, सुया आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी छापखान्यातल्या माझ्या जुन्या जोडीदाराला. माझी मोठी कात्री त्याने नेली ती आजतागायत परत केलेली नाही. तीही त्यालाच दिली असे समजावे, म्हणजे मेल्यावर तरी त्याला माझ्यासमोर मान खाली घालावी लागणार नाही. पाने चिकटवायच्या सरसाचे भांडे मात्र कोणालाही देऊ नये. फेकून द्यावे.

कलम तीन. शाळेतली जुनी वाचनमाला, मी स्वतः कापडी बांधणीत बांधलेली, नातीला. तिने ती मोठ्याने वाचावी, पण कोणी ऐकत नसताना. आमचे कवितेचे मास्तर दुपारच्या तासाला खिडक्या अर्ध्या लोटून घ्यायचे. खडूची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगायची. तपासणीला साहेब आले की आम्ही पोरे हेल काढून, हातवारे करून कविता म्हणायचो. साहेब खूश व्हायचे. ते गेले की मास्तर रुमालाने तोंड पुसून म्हणायचे, "झाला तमाशा? आता पुस्तक उघडा आणि कवितेपाशी गप्प बसा." पुढे देवापाशी बसायला शिकलो ते या दुपारींच्या जोरावर. चर्चच्या पाळकांकडून नव्हे.

कलम चार. मागची खोली, म्हणजे माझी बांधणीची खोली.

तरुणपणी माझी प्रार्थना म्हणजे अर्ज असे. हे दे, ते टाळ, आपला नम्र. मग बायको आजारी पडली आणि अर्ज फेटाळला गेला. ती गेल्यावर मी पुष्कळ दिवस देवाशी अबोला धरला. पण हाताला काम होते. कोणाचे तरी पवित्र शास्त्र, पाने सुटलेले, चौकटीवर लावलेले असायचे. शिवता शिवता एकदा तोंडातून गेले, "बघ, तुझ्या पुस्तकाची काय दशा करतात लोक." तिथून बोलणे सुरू झाले. अहो-जाहो गळून पडले. गुडघा दुखतो हे सांगायचो, दोरा तुटला की त्याच्यावरच चिडायचो. बायकोची शेवटची रात्र मी अशीच त्याला सांगितली, तुकड्यातुकड्यांनी. ती काय म्हणाली, आणि मी तिचा हात सोडून बाहेर का गेलो. जगात दुसऱ्या कोणाला सांगितले नव्हते. पुढे पुढे नवे सांगायचे उरले नाही, तीच रात्र पुन्हा निघायची तेवढी. सरसाचा वास, मी आणि तो.

मुलाने त्या सरसाच्या भांड्यामागे आपला मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून ठेवला.

मुलाच्या शिबिराला मी गेलो तो सूनबाईच्या आग्रहाखातर. विषय होता 'देवाशी जवळीक'. सभागृह भरलेले, खुर्च्याखुर्च्यांतून बिस्किटांच्या बशा फिरत होत्या. मुलगा म्हणाला, "आता एका साध्या माणसाची प्रार्थना ऐका." आणि कर्ण्यातून माझा आवाज आला. त्याखाली बासरी घातलेली! माझी बायको मरत होती आणि लोक चहात बिस्किटे बुडवत होते. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले, मग बशीतले दुसरे उचलले.

सूनबाई उठली, भिंतीपाशी गेली आणि कर्ण्याची वायर उपटली. भर सभेत, नवऱ्यादेखत. "चला बाबा," म्हणाली, "घरी चहा करते."

दाराशी एकाने माझा हात धरला. "बाबा, अंगावर काटा आला! रोज किती वाजता बसता? एकदा म्हणून दाखवा ना." मला ओकारी आली. अलंकार म्हणून लिहीत नाही, पायरीवरच आली.

घरी मुलगा म्हणाला, "बाबा, माझ्यासाठी नाही केलं हे. लोकांना देवाच्या जवळ यायचंय."

"मग त्यांना त्यांच्या घरी पाठव."

"किती जणांचं भलं झालं, माहितीये?"

"पुसून टाक ते."

"आता कसं पुसू? सगळ्यांच्या फोनवर गेलंय." मग म्हणाला, "मागच्या खोलीचं प्रार्थना केंद्र करावं म्हणतोय. बाहेर तुमचा फोटो लावू."

त्यानंतर खोलीत बसलो की माझाच आवाज बासरीसकट कानात घुमायचा. शब्द फुटला की वाटायचे, छान म्हणालो. शी! देवापाशी बसून मी श्रोते मोजू लागलो होतो. आयुष्यभराची ओळख अशी नासली. शेवटी एके दिवशी दार लावले आणि देवाला एवढेच म्हणालो, "मला किळस आलीय." आम्ही बराच वेळ गप्प होतो. त्यालाही आली असावी. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मी तिथे एकटा नव्हतो.

म्हणून ही खोली सूनबाईला, तिच्या एकटीच्या नावे. तिथे पाटी, फोटो, कर्णा, सतरंजी घालून जमवलेली माणसे, काहीही चालणार नाही. ती तिथे प्रार्थना करते की झोपा काढते, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कलम पाच. बँकेतील ठेवीतून अंत्यविधीचा खर्च भागवून उरलेले नातीच्या शिक्षणाला. अंत्यविधीत माझ्याविषयी कोणी साक्ष देऊ नये. मी देवाच्या किती जवळ होतो हे ज्यांना ठाऊक आहे असे वाटते, त्यांनी घरीच थांबावे.

कलम सहा, अट. मला माती दिल्यावर मुलाने मोबाईल आपल्या बायकोकडे द्यावा आणि मागच्या खोलीत एकट्याने बसावे. संदेश तयार करून नेऊ नये. काही सुचले नाही तर शिव्या द्याव्यात, मला किंवा देवाला. बाहेर आल्यावर आत काय झाले ते चर्चच्या मंडळीला, बायकोला, कोणालाही सांगू नये. सांगितल्यास कलम एकमधील त्याचा हिस्सा सूनबाईकडे जाईल.

नाही सांगितले, तर पुढच्या खोल्या त्याच्या. आणि मग मागच्या खोलीत त्याला कोणीतरी भेटले असे मी समजेन.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ मार्च
सही: पुस्तकबांधणीवाला

साक्षीदार, ज्यांनी सही होताना पाहिली, मजकूर वाचला नाही:
१. समोरच्या दुकानातले कुलूपवाले
२. डॉक्टरीणबाई, ज्यांनी मला तपासून शुद्धीवर असल्याचा दाखला दिला