ओटीपी कुणालाही सांगायचा नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

पासवर्डमध्ये एक कॅपिटल अक्षर, एक आकडा आणि एक भलतीच खूण हवी म्हणे. भलती म्हणजे कसली, मी विचारलं. सूनबाई म्हणाली, उद्गारचिन्ह चालेल. ते कुठे असतं? तिने दाखवलं. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा दाखवलं. असं पाच वेळा! पाचव्यांदा तिच्या नाकपुड्या हलल्या. मजा आली.

जगाला शिकवते ही. कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरते. नवं खातं कसं उघडायचं, कामं कॅलेंडरवर कशी टाकायची, कुलपं कशी लावायची. लोक वह्या घेऊन बसतात हिच्यासमोर. आणि घरातली एक म्हातारी काही केल्या शिकत नाही! जिथे पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. चारशे नंबर तोंडपाठ होते. पण 'जमत नाही गं मला' म्हटलं की ही कामावरून आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता, अर्धा तास माझ्याशेजारी बसते. चिरंजीव कधी पाच मिनिटं बसला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज 'एंटर' कुठलं ते विसरले. चार वेळा.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज तिने एक बरं काम केलं, ते लिहायला हवं. ह्यांचे आवाज माझ्या फोनमधून काढून नव्या खात्यात ठेवले. शेवटचं वर्ष हे आतल्या खोलीत पडून होते. हाक मारण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून फोनवर बोलून पाठवायचे. मी स्वयंपाकघरात, हे दहा पावलांवर! 'चहा.' 'पंखा कमी कर.' 'कुठे मेलीस?' असे तीनशे बारा. माणूस गेला, हुकूम मागे ठेवून गेला.

माझा फोन अगदी शेवटच्या घटका मोजतोय. सूनबाईने सुट्टीची अख्खी सकाळ घालवून एकेक आवाज उचलला, तारखेप्रमाणे लावला. दुपारी एकटी असते तेव्हा मी टॅबवर ऐकते. 'कुठे मेलीस' दोनदा ऐकते.

मग खात्याला जास्तीचं कुलूप लावलं. नव्या किंवा पुसून कोऱ्या केलेल्या यंत्रावर उघडलं तर एका फोनवर ओटीपी जाणार, तो घातल्याशिवाय आत जाता येणार नाही. कुणाच्या फोनवर पाठवायचा, तिने विचारलं. म्हटलं, तुझ्याच नंबरवर येऊ दे बाई, मला कुठले आकडे झेपायला! ती म्हणाली, तुमच्या घरच्या, वायरच्या फोनवरही येतो, मशीन आकडे बोलून सांगतं, तो बरा. मी हट्टच धरला. अडाणीपणाचं सोंग घ्यायचं तर पुरतं घ्यावं. शेवटी तिने स्वतःचा नंबर घातला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

घबाड!

हा टॅब तिचाच, जुना. सरावासाठी मला दिलाय, स्वयंपाकघरातच असतो. आज कोपऱ्यातल्या गोलावर बोट पडलं तर आत दोन खाती. एक माझं, दुसरं तिचं! सताड उघडं. पत्रं, निरोप, कॅलेंडर, याद्या, सगळं. 'आपलं यंत्र दुसऱ्याच्या हातात देण्याआधी आपल्या खात्यातून बाहेर पडा' — हे ती लोकांना पहिल्या दिवशी शिकवते. मलाही शिकवलं. स्वतः विसरली. दिव्याखाली अंधार!

एक्स्चेंज आठवलं. ट्रंक कॉल जोडून दिला की ऑपरेटरने लाईन सोडायची, असा नियम. आम्ही सोडत नसू. श्वास रोखून ऐकायचं. श्वास रोखला की बोलणाऱ्यांना कळत नाही तिसरं कुणी आहे ते. कुणाचं लग्न मोडणार, कुणाचा धंदा बसणार, घरच्यांच्या आधी मला ठाऊक. अठ्ठावीस वर्षांत एकदाही पकडली गेले नाही. सूनबाई नवीन होती तेव्हा मीच तिला ही युक्ती सांगितली होती, फुशारकीने. तेव्हा हसली होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मैत्रिणीला लिहिते: 'एक्स्चेंज घरात आहे, नंतर बोलते.' आणखी एक: 'एक्स्चेंजला आज पुन्हा एंटर सापडलं नाही. मला वाटतं सोंग करतात. करू देत, तेवढाच वेळ बोलतात माझ्याशी.'

एक्स्चेंज म्हणजे मी! डोकं भणभणलं. दुपारभर भांडी आपटली, पण ऐकायला घरात कुणी नव्हतं. नाव मात्र बरं शोधलंय.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पत्र आलंय तिला. मुलाखत. दुसऱ्या शहरात, बसने पाच तास. मोठी जागा, हाताखाली वीस माणसं. गुरुवार, सत्तावीस तारीख, दुपारी तीन. तिने कॅलेंडरवर टाकलंय, लाल रंगात. चिरंजीवाला निरोप: 'मिळाली तर एप्रिलमध्येच हलू.' त्याचं उत्तर: 'चालेल.' चालेल! ह्याचं काम काय, कुठेही बसून होतं.

मला कुणी विचारलं? सहा वर्षं माझ्या घरात राहतात. मी काय कुंडी आहे, जाताना शेजारणीला पाणी घालायला सांगून जायला?

दोघं गेली की माझ्याशी बोलणारा एकच उरतो, आणि तो मेलेला आहे. भीती वाटली. हो, वाटली. इथे खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

जेवताना दोघांची तोंडं बघत होते. एक अक्षर नाही. तिच्या ताटातल्या भाजीत मूठभर मीठ गेलं माझ्या हातून. तिने मुकाट्याने खाल्ली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजचा धडा: पत्र पुसणे. पुसलं तरी ते कचरापेटीत पडून राहतं, तिथूनही काढलं की कायमचं गेलं. हे मी एकदाच विचारलं.

मग ओटीपी. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. ह्यावर मात्र मी तिला रडकुंडीला आणलं. बँकेतून मागितला तर? नाही. पोलिसांनी? नाही. शेजारणीने? नाही. माझ्या मुलाने? नाही, आई. बरं, आणि तू मागितलास तर? ती डोळे मिटून म्हणाली, "मी मागितला तरी नाही. घरचं माणूस असलं तरी नाही. मेलं कुणी तरी नाही." अकरा वेळा वदवून घेतलं. अकराव्यांदा आवाज फाटला बिचारीचा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

माझा फोन मेला. ह्यांच्यापेक्षा शांतपणे. आता टॅब, आणि कोपऱ्यातला घरचा फोन.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

साडेअकराला तिच्या खात्यात पत्र पडलं. त्या मुलाखतवाल्यांचं. वेळ बदलली आहे, गुरुवारी तीनऐवजी सकाळी अकराला यावं, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

सूनबाई वर्गात. शिकवताना फोन बंद ठेवते, तिचा स्वतःचाच नियम. म्हणजे हे पत्र अख्ख्या जगात फक्त मी वाचलं होतं.

आधी भात लावला. मग पत्र पुसलं. मग कचरापेटीत जाऊन तिथूनही काढलं. शिकवल्याप्रमाणे, एकही पायरी न चुकता. परीक्षा असती तर पैकीच्या पैकी!

मग शिटी झाली, भात उतरवला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी आठच्या बसने गेली. निळी साडी, केस घट्ट बांधलेले. मला म्हणाली, एक काम आहे, उशीर होईल. मी म्हटलं, जा हो, सावकाश ये. डबा मीच भरून दिला. अकरा वाजले तेव्हा भाजी निवडत होते. घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा निवडायला लागले.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काल आली ती चपला न काढता दारातल्या स्टुलावर बसली. ती पोचली तेव्हा मुलाखत घेणारे उठून गेले होते. शिपाई खुर्च्या लावत होता. तिने कॅलेंडर दाखवलं, तर आतून एक बाई येऊन म्हणाली, स्वतःची वेळ सांभाळता येत नाही आणि लोकांना वेळ सांभाळायला काय शिकवणार? हे सगळं ती चिरंजीवाला सांगत होती, मी ओट्यापाशी उभी. रडली नाही. तोंड धुवून आली आणि आज पुन्हा कामाला गेली.

मी चहा करून दिला होता. तिने "थँक्यू, आई" म्हटलं. बरं वाटलं. राहतील आता.

रविवार, २ मार्च

दोघं बाहेर गेली होती. वेळ जात नव्हता, म्हणून तिच्या याद्या उघडल्या. आजवर पत्रं वाचून पोट भरत होतं, इकडे वळलेच नव्हते. एका यादीचं नाव 'नवं घर'. तारीख सतरा फेब्रुवारी. जशीच्या तशी उतरवते.

'तळमजला हवा, आईंचे गुडघे. आईंच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे हवी, त्यांना माणसं बघायला आवडतात. घरचा फोन लागेल, त्याशिवाय राहणार नाहीत. त्यांची खोली आमच्या शेजारी नको, भिंतीतून ऐकतात! नोकरी मिळाली तरच सांगायचं. आधी सांगून आशा लावायची नाही.'

तीनदा वाचलं. गुडघ्यांचं मी तिच्याजवळ कधी बोलले नव्हते.

मग राग आला. सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं का? सांगितलं असतं तर मीच तिला उठवून आदल्या दिवशीच्या बसमध्ये बसवलं असतं. चूक तिची आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर बराच वेळ पेन हातात तसंच होतं. मला लाज वाटते आहे. पण लाजेने पत्र परत येत नाही. ते मी कायमचं काढलंय.

सांगून टाकावं का? सांगितलं तर जातील. नाही सांगितलं तर राहतील. नाहीच सांगणार.

मंगळवार, ४ मार्च

आज कामावरून आली, पाणी प्याली, शांतपणे ग्लास विसळला, मग माझ्याशेजारी बसली. "आज शेवटचा धडा, आई. कुलपं नीट आहेत का ते तपासायचं."

तिचा लॅपटॉप उघडला. तिचं खातं किती यंत्रांवर उघडं आहे त्याची तिथे यादी असते! मला म्हणाली, वाचा. मी म्हटलं, चष्मा नाही. चष्मा माझ्या नाकावर होता. मग तिनेच वाचलं. तिचा फोन. ऑफिसचा लॅपटॉप. टॅब, शेवटचा वापर रविवार, दुपारी चार दहा. "रविवारी चारला आम्ही दोघं बाहेर होतो," ती म्हणाली. "आणि त्या लोकांनी पत्र पंचवीसला साडेअकराला पाठवलं होतं. मी फोन करून विचारलं."

एक्स्चेंजमध्ये यादी नव्हती. श्वास रोखला की झालं. ही यंत्रं ऐकणाऱ्याचंही नाव लिहून ठेवतात हे मला कुणी सांगितलं नाही.

मी म्हटलं, "तुझ्या टॅबचं मला काय कळतंय?" ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तशी. चिडली असती तर सोपं गेलं असतं. टॅब उचलला आणि म्हणाली, आता हा पुसून कोरा करते. मी तिचा हात धरला. ह्यांचे आवाज? "ते तुमच्या खात्यात आहेत," ती म्हणाली. "कुठेही जाणार नाहीत."

शनिवार, १५ मार्च

गेली दोघं. तिने लांबच्या लहानशा शाखेत बदली मागून घेतली. आहे त्याहून खालची जागा. चिरंजीव जमिनीकडे बघत म्हणाला, आई, एकच खोली मिळाली आहे गं, तुला कुठे ठेवणार. त्याला तिने काही सांगितलेलं नाही. एवढ्यासाठी तिचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत.

निघताना तिने टॅब ओट्यावर ठेवला, पुसलेला, पुरता चार्ज केलेला. पासवर्ड पाठ आहे ना, तिने विचारलं. मी म्हटलं, आहे. म्हणाली, "मला माहीत होतं."

सोमवार, १७ मार्च

पासवर्ड बरोबर! एका दमात! उद्गारचिन्हासकट. मग म्हणे, ओटीपी पाठवला आहे. तिच्या नंबरवर.

घरच्या फोनवरून लावला. तिने लगेच उचलला. म्हटलं, अगं, तुझ्याकडे सहा आकडे आलेत बघ, तेवढे सांग. ह्यांचं ऐकायचंय.

"ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो, आई. घरचं माणूस असलं तरी."

मग काही बोलली नाही. फोन मात्र ठेवला नाही. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले, तीन मिनिटं, चार मिनिटं. लाईन चालू होती. तिचा श्वास ऐकू येत नव्हता.