कोकमाचा लाल

२ जुलै

सोडली नोकरी! धाटावच्या लॅबमधल्या शिफ्टा पुरे. मूर्तींसाठी फळांचा रंग बनवायचा. रोह्याच्या सरबतवाल्याकडून कोकमाच्या चोथ्याची गोणी आणली, फेकणारच होता. एसटीत शेजारी कुणी बसेना. खालून लाल पाणी गळतंय! कंडक्टर म्हणाला, "ताई, गोणीत काय हाय नक्की?"

९ जुलै

निघाला रंग. काय लाल! पण उजेड लागला की उडतो. म्हणून डिंकाच्या पाण्यात घोळवून वाळवायचा, कणाकणाला कवच बसतं. बाहेर पाऊस, वाळवणार कुठे? लग्नातला हेअर ड्रायर काढला. निकेश म्हणतो, "माझ्यापेक्षा त्या भुकटीचा लाड जास्त."

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बोट बुडवून चाटलं. "लावायचा हाय का खायचा?" पेणमधल्या घरच्या कारखान्यात जन्मभर गणपती रंगवलेत त्यांनी.

२० जुलै

मामांनी मूर्ती दिली. रोह्याच्या मंडळाची! लाल सोवळं रंगवायचं. "बिघडला तर तू परत शिफ्टला."

२१ जुलै

निळं!! लाल लावलेलं सोवळं सकाळी निळंशार. रंग आंबट, मूर्तीवर आधीचा थर खडूच्या पांढऱ्याचा. पाण्यात कालवताना कवच विरघळलं आणि खडूने आंबटपणा मारून रंग निळा केला.

त्यात मंडळाचे बाबाजी दारात. "लाल सांगितलावता ना?" दाखवायला म्हणून मी लिंबू पिळलं. झालं लाल! चहा संपेपर्यंत परत निळं. बाबाजींनी कप खाली ठेवला, हात जोडले, आणि गावभर फोन.

२५ जुलै

लिंबं घेऊन रांग. मी ओरडून सांगते, "चमत्कार नाही, आंबट आणि खडू!" "व्हय, व्हय," म्हणतात आणि माझ्या पाया पडतात. मी पाय मागे घेतले तर सासूबाई म्हणाल्या, "पडू दे गो, लांबून आल्यात." वडखळच्या एका बाईने माझ्याही डोक्यावर लिंबू पिळून पाहिलं. मूर्तीचा गुडघा रसाने विरघळलाय. मामा रोज संध्याकाळी माती लावतात.

२६ जुलै

धाटावहून फोन आला. जागा अजून रिकामी आहे. हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

३ ऑगस्ट

डिंकावर मेणाचा दुसरा थर दिला. जमलं! सोवळं नव्याने रंगवलं. पाणी, खडू, लिंबू, सगळं चोळलं. लालच! निकेशला उठवून दाखवलं. एकटीच नाचले कारखान्यात.

४ ऑगस्ट

बाबाजींनी अख्खं लिंबू पिळलं. लाल ते लालच. मी हसले, तर ते रडायला लागले. "देव रुसला!"

मामांनी मला बाजूला घेतलं. सोवळ्यावरून अंगठा फिरवला, उजेडाला धरून बघितला. "पोरी, असा लाल मी आजवर लावला नाय."

मग दारातल्या लिंबांच्या रांगेकडे बघत हळूच म्हणाले, "आता बिघडव."