वॉचमनची साखर उतरली

अगं,

तू झोपली आहेस, उठवत नाही. खरं तर तोंडावर सांगायची हिंमत नाही.

काल डॉक्टरांनी माझी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "माझंच काहीतरी चुकतंय." तुझं काही चुकत नाही गं. रोज पहाटे उठून तू चिरून दिलेली पपई, गाजर, काकडी सहा महिने आमच्या ऑफिसचा वॉचमन खातोय. मी कँटीनमध्ये तळलेलं चापतो. त्याची साखर उतरली. परवा म्हणाला, "वहिनींच्या हाताला गुण आहे." मला मान वर करवेना.

आज मीच चिरलंय, वेडंवाकडं. दोन डबे नेतोय, त्याची सवय कशी मोडू? तिसरा ओट्यावर आहे, तुझा. सहा महिन्यांत तू एक फोड तोंडात टाकलेली मला आठवत नाही.