मोनाच्या मिलमध्ये आंगण नाही

गुरुवार, सांज

सगळ्यात आधी शेजारची सुमनच आली, मिलच्या शेठच्याही आधी. मिलच्या आंगणात उसनं, म्हणजे उकडलेलं, धान पायानं फिरवून वाळवते ती, घर त्याच मजुरीवर चालते. म्हणे, "दाखव ना वं मोना, आमची मिल कशी केली तं!"

माह्या नातीनं, मोनानं, कंप्युटरमध्ये राइस मिल बनवली हाय. खोटीच, पण बॉयलर तापते, धान उसनते, काही चुकलं तं लाल दिवा लागते. शेठ आधी त्यात पाहणार, मग खरी मिल बदलणार. मले तं कोणाले सांगू न कोणाले नाही, असं झालं होतं.

सुमन पडद्याजवळ सरकली. "आमचं आंगण कुठं हाय यात?"

"आंगण नाही मावशी. तिथं धान वाळवाची मशीन आहे, ड्रायर."

"मंग माह्या पायाले आराम!" हसली. चहा तसाच ठेवून गेली.

मी म्हटलं, "टाक ना वं पोरी, आंगण."

"टाकता येते आजी. पण शेठले ड्रायरच पायजे." मान काही वर केली नाही पोरीनं. एवढंसं आंगण... तिच्यावर तरी कायले रागावू?

मंग शेठ आले. पाहून खूश झाले, पेढे देऊन गेले. मी खाल्ला. गोड लागला, तेच डाचून राहिलं. सोमवारी ड्रायरवाल्याले घेऊन येतो म्हणाले.