यंदा चंद्राला ओवाळलं

निरगुडसर, भाऊबीज १९९९

बाळ गेणू, आक्काचा आशीर्वाद.

यंदा ओवाळून घ्यायला येऊ नको, असा निरोप मीच धाडला. डायलिसिसनं थकले, हे नुसतं निमित्त व्हतं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मी मशिनीला जोडलेली व्हते, तवा पडद्यापल्याड तू डॉक्टरांना म्हनलास, "किडनी जुळली खरी, पन मला लई भ्या वाटतं. आक्काला काय सांगू?" ते म्हनले, "जुळत नाही, असं मीच सांगतो." मग तू आत येऊन "जुळत न्हाई, आक्का" म्हनत माझ्या पायाशी रडलास. मीबी म्हनले, "आपलं नशीब, बाळा."

दुसऱ्या कुनाची जुळत न्हाई. तुझी लेकरं ल्हान हायेत, मला समजतं. पन तू पाटावर बसला असतास, अन् तबकात लुगडं ठेवताना माझ्याकडं बघू शकला नसतास.

ज्यांना भाऊ नसतो, त्या बाया चंद्राला ओवाळतात. आज तिन्हीसांजेला मीबी ओवाळलं. सासूबाई वरडल्या, "अगं, भाऊ जित्ता हाय ना तुझा!" म्हनले, "हाय, अन् ऱ्हाऊ द्या."

हे पत्र धाडलं, तर तू उद्याच दवाखान्यात जाशील, हे मला ठावं हाय. मी 'नको' म्हननार न्हाई, हेबी ठावं हाय. म्हनून धाडत न्हाई.

तुझी आक्का