आवाज कमी झाला होता

आई, काल घोटीहून एक बाई आल्या होत्या, मुलीला घेऊन. बाईंच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. तुझाच आजार. मी त्यांना दुरुस्तीच्या दोन पद्धती समजावत होते आणि सवयीने तुझ्याच शिवणकामाच्या भाषेत बोलायला लागले. म्हटलं, झडप म्हणजे पातळ कापडाचा पडदा समजा, खालून दोऱ्यांनी धरलेला. तुमचा एक दोरा तुटलाय, म्हणून तेवढा भाग फुगून उलटा जातो. एका पद्धतीत तो फुगलेला भाग तिकोनी कापायचा आणि कडा शिवून टाकायच्या. दुसरीत काही कापायचं नाही, फक्त नवा दोरा घालायचा. दोन्हींत शेवटी भोवती एक कडं शिवायचं, म्हणजे सैल झालेलं तोंड आवळून राहतं. बाई म्हणाल्या, "मंग कापायचंच कशाला? दोराच घाला की."

तूही हेच म्हणाली असतीस. पुढे उसवता यावं म्हणून आत दोन बोटं दाब सोडल्याशिवाय तू कुणाचा ब्लाउज शिवला नाहीस. पण दोऱ्याची लांबी ठरवणं सोपं नसतं गं. हृदय थांबवलेलं असतं, सगळं लोळागोळा, आणि माप नजरेनं घ्यायचं. लांब राहिला तर गळती तशीच, आखूड झाला तर पडदा मिटायला वर येतच नाही. कापून शिवणं माझ्या हाताला जास्त सवयीचं, पण जास्त कापलं गेलं की जोडायला काही उरत नाही. झडप बघून मी दोन्ही करते. शेवटी आत पाणी भरून बघते. गळलं नाही की जिवात जीव येतो. लोक म्हणतात, डॉक्टरबाईंचा हात चांगला आहे. मला ते ऐकवत नाही.

मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला तू मला स्टेथोस्कोप घेऊन दिलास. मी तो पहिल्यांदा तुझ्याच छातीला लावला आणि पुस्तकातला तो फुसफुस आवाज हुबेहूब ऐकू आला. घाबरायचं सोडून मी नाचायचीच बाकी होते. मोठ्या डॉक्टरांनी गळती सांगितली, गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी पुन्हा इको करून ऑपरेशनचं ठरवू म्हणाले. तेवढ्यात माझी परीक्षा आली. तो आवाज ऐकायच्या सरावासाठी मी तीन मैत्रिणींना इंदिरानगरच्या घरी घेऊन आले. तू मशीन बंद करून, हूक काढून डाव्या कुशीवर पडतेस, त्या एकेक करून ऐकतात, आणि तूच विचारतेस, "नीट आलं का गं ऐकू?" वर उठून सगळ्यांना शिरा. लाज मला वाटायला हवी होती, वाटली नाही.

इकोच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी पुन्हा नळी लावली. आवाज कमी झाला होता. मी ओरडलेच, "आई, गळती कमी झालीय!" तू म्हणालीस, "पण जिना चढताना लय दम लागतो. झोपताना तीन उश्या लागतात." मी म्हणाले, "मशीनवर वाकून होतं ते. मी ऐकलंय ना." मुलगी डॉक्टर होणार, मग तिचंच खरं. तू तारीख पुढे ढकललीस आणि लग्नसराईचे ब्लाउज घेतलेस. हृदय थकलं की जोर लावत नाही, गळती वाढूनही आवाज मंदावतो, हे मला वर्षभराने शिकवलं. तोवर तुझं वर्षश्राद्धही जवळ आलं होतं. वर्गात मी मान खाली घालून लिहून घेतलं.

काल त्या मुलीनं विचारलं, आईला गोळ्यांनी बरं वाटतंय, दिवाळीपर्यंत थांबू का? मी तिच्यावर इतकी खेकसले की ती रडकुंडीला आली. मग तिच्या आईनंच मला पाणी दिलं.

अण्णा आता थकलेत. तुझ्या फोटोला हार घालताना अजून नवऱ्याच्या हक्काने चिडतात, "सांगायचं तरी होतंस गं." तू त्रास लपवलास, असं सगळे धरून चाललेत. ते मीच पसरवलं, तू गेलीस त्याच दिवशी, दवाखान्याच्या दारात. "आई काही बोललीच नाही," मी म्हणाले. हे सगळं लिहून त्यांच्या हातात द्यावं म्हणून बसले होते. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचताहेत, मध्येच खोकतात. कागद मी फाडणार आहे. अण्णा तुझ्यावर रागावलेले मला चालतात, आई. माझ्यावर रागावलेले सोसणार नाहीत.