खोकल्याचं औषध

३ नोव्हेंबर १९५७, रविवार
आज मंडळ स्थापन झालं. गिऱ्हाईक न्याय मंडळ, चिंचवड स्टेशन. अध्यक्ष मी. रीतसर निवडणूक व्हावी असं माझं मत होतं, पण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. शेजारच्या हनीफ मिस्त्रीने टाळ्या वाजवल्या. तो मोटारी दुरुस्त करतो, स्वभावाने सरळ आहे, म्हणजे टाळ्या खऱ्या धरायला हरकत नाही.

पहिल्याच सभेत धडाका. सोपानराव वाण्याच्या पारड्याखाली चिंच चिकटवलेली निघाली. मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर तागडी उलटी करून दाखवली. सोपानराव म्हणाले, चुकून लागली असेल. मी म्हणालो, चुकून नेहमी खालच्याच बाजूला कशी लागते? लोक हसले. सोपानराव हसले नाहीत.

नियम केला. मालाचा संशय आला की नमुना घेऊन रविवारी पारावर यायचं. बायकांनीसुद्धा. मी सर्वांदेखत तीन प्रश्न विचारणार. कोणी घेतलं? कुठून घेतलं? उपयोग झाला का? या तीन प्रश्नांपुढे खोटं टिकत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार
व्ही.पी. आली, पैसे भरून पुडकं सोडवलं. कचेरीच्या पत्त्यावर मागवली होती. चाळीत पोस्टमन बोंब मारत येतो.

इथे मोकळेपणानं लिहायला हरकत नाही. साप्ताहिकात जाहिरात होती. ‘तरुणपणीच्या चुकांनी खचलेल्यांसाठी.’ मी खचलेलो नाही. पण खाली लक्षणं दिली होती, ती सहज ताडून पाहिली. सकाळी उठताना आळस? आहे. मान दुखणे? आहे. स्त्रियांशी बोलताना घाम? स्वतःच्या बायकोशीसुद्धा येतो. सगळी जुळली. वैशाखात लग्न झालं, सासरी कराडला चार दिवस राहिलो, तेव्हा जे व्हायचं ते झालं नाही. प्रवासाने दमलो होतो. तिकडचं पाणीही जड.

बाटलीवर नाव नाही, फक्त सिंहाचं चित्र. गुप्तता पाळतात. सोबत पथ्याचा कागद. आंबट वर्ज्य, चिंता वर्ज्य, बाटली संपेपर्यंत पत्नी वर्ज्य. शालनला माहेरी लगेच कळवलं की नळाला पाणी येत नाही, पौष संपल्यावर ये. नळाला पाणी येतं, पण तिला लागेल तेवढं येईलच असं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
कारखान्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना म्हणालो, माझ्या एका मित्राला अशक्तपणा वाटतो, त्या बाबतीत. त्यांनी मित्राचं वय, झोप, जेवण विचारलं. मग म्हणाले, तुमच्या मित्राला काही झालेलं नाही, नुसता घाबरलाय. बायकोला घेऊन ये म्हणावं, आणि जाहिराती वाचायच्या बंद कर. माझ्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाले, ‘मित्राला सांगा, लाजू नकोस. अर्ध्या कारखान्याचे मित्र असेच आहेत.’

फुकटचा सल्ला. कस कसा असणार त्यात? बाटलीला निदान पैसे पडले आहेत.

बाहेर पडताना कान तापले होते. ऊन होतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार
घोटाळा. संध्याकाळी घरी आलो तर दारात ट्रंक आणि ट्रंकेवर चिमाजी, शालनचा भाऊ. पेरण्या उरकल्या, हात मोकळे झाले, म्हणून म्हणे बहिणीला आणून सोडलं. शालन आत पाणी भरत होती. नळाला धो धो पाणी.

ऐन वेळी खोकला सुचला. छातीचा आहे, दुसऱ्याला लागतो म्हणालो. चिमाजी परत गेल्यावर मी पडवीत अंथरूण टाकलं. बाटली फळीवर होतीच, शालनला ते खोकल्याचं औषध म्हणून सांगितलं. सकाळी तिच्यासमोर एक चमचा घ्यायचा, एकदा खोकायचं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
हनीफच्या बायकोने, ताहेराभाभींनी, आलं दिलं. शालनने तुळस, मिरी, गवती चहा घालून काढा केला. फुंकर घालून पेला हातात दिला. प्यालो. लाज वाटली. खोकला तरी खरा असता तर बरं झालं असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार
सभा. भोसरीच्या भैरू गवळ्याच्या दुधाचा नमुना. पाणी घातलंस का, असं सरळ विचारलं. म्हणाला, ‘दुधात न्हाई घातलं, सायेब. म्हशीनंच लई पानी पेलं व्हतं.’ त्याला समज दिली.

शालन बायकांत बसली होती. मला अध्यक्ष म्हणून तिने प्रथमच पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, तिथं तुम्ही सगळ्यांना किती नीट विचारता. घरात मला काहीच विचारत नाही. कौतुक केलं तिने. तरी जेवण गेलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
सुट्टीचा अख्खा दिवस एका खोलीत दोघांनी काढणं पथ्याला धरून नव्हतं. म्हणून सभा पुढे ढकलून शालनला पुण्याला संग्रहालयात नेलं. नवं चित्रदालन उघडलं आहे. मी असं धरून चाललो होतो की चित्रं बघायला कोण येतं? अख्खं पुणं आलं होतं.

माझं मत: हा गिऱ्हाइकावर सरळ अन्याय आहे. तिकीट सगळ्यांना सारखं, पण उंच माणसाला चित्र जास्त मिळतं. मला एका महाराणीची नुसती मोजडी दिसली. चित्रालाही माप हवं. माणशी अमुक इतका वेळ, मग पुढे सरका. रखवालदाराला हे बोललो तर तो म्हणाला, तुम्हीच पुढे सरका.

एक पुतळा होता. वस्त्राविना. पाश्चात्त्य. गर्दीने आम्हाला नेमकं त्याच्यासमोर नेऊन उभं केलं आणि मागे हटायला जागाच ठेवली नाही. मी छताची नक्षी बघितली. शालनने पुतळा नीट बघितला आणि म्हणाली, बिचाऱ्याला थंडी वाजत असेल. मला हसू आलं, तिलाही. मागून रेटा आला तशी तिने माझा हात धरला. गर्दी संपली, जिना संपला, तरी सोडला नाही. स्टेशनपर्यंत. छाती धडधडत होती, अंगात ऊब आली होती, घाम मात्र नव्हता.

म्हणजे औषधाला गुण आहे. आजपासून दोन चमचे.

पडवीत थंडी फार. पण बाटलीत अजून बरंच शिल्लक आहे.

१ डिसेंबर, रविवार
लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सभेला गर्दी. सोपानरावसुद्धा आले होते, शेवटच्या पायरीवर. मी विचारलं, कोणाकडे नमुना आहे? बायकांतून शालन उठली. पदराखालून सिंहाची बाटली काढली. म्हणाली, यांचं खोकल्याचं औषध आहे, पंधरा दिवस होऊन गेले तरी खोकला जात नाही, आणि फळीवर मुंग्यांची रांग लागली आहे. कोणीतरी फसवलंय यांना. आता तुम्हीच न्याय करा.

किती विश्वासाने म्हणाली.

मी बाटली घेणार तेवढ्यात भैरू ओरडला, ‘आरं, ही तर सिंहछाप!’ आणि एकदम गप्प झाला. गड्यांची चुळबुळ सुरू झाली. कोणी धोतराचा सोगा नीट केला, कोणी मारुतीकडे बघू लागला. सोपानराव पायऱ्या चढून वर आले, बोट बुडवून चाटलं. म्हणाले, ‘काकवी आहे, पाणी घातलेली. माझ्या दुकानात बिनपाण्याची मिळते. आणि पूर्ण मापानं.’

कोपऱ्यातून खसखस सुरू झाली. सोपानराव माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, अध्यक्ष, पहिला प्रश्न विचारा. कोणी घेतलं?

मी म्हणालो, ‘हनीफ मिस्त्रींची आहे. माझ्याकडे ठेवायला दिली होती.’

त्याचं नाव का घेतलं? तिथल्या माणसांत तोच सगळ्यात भला. बाकी कोणी गळपट्टी धरली असती.

हनीफने माझ्याकडे पाहिलं.  मग म्हणाला, ‘हां. मेरीच है. मीच दिली होती ठेवायला.’ भैरूला कंठ फुटला, ‘मिस्त्री, घरात पाच लेकरं, आन् आता सिंव्ह कशापायी?’ सगळा पार हसला. ताहेराभाभी पदर तोंडावर ओढून उठल्या आणि घरी गेल्या. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही.

२ डिसेंबर, सोमवार
शालनने चहा दिला. काढा नाही. म्हणाली, खोकला तुम्हाला आणि बाटली त्यांची? मी म्हणालो, होय, त्यांचीच, त्यांनी मला खोकल्यावर दिली होती. ती म्हणाली, मी मघाशी ताहेराभाभींकडे जाऊन आले. त्यांनी मला सगळं सांगितलं, ती बाटली कशावर घेतात ते.

मग चुलीकडे तोंड करून म्हणाली, ‘मला इतके दिवस वाटत होतं, मी तुम्हाला आवडले नाही. म्हणून पडवीत निजता.’

त्या वेळी बोलायला हवं होतं. फार सोपं होतं. मला तू आवडतेस आणि मला भीती वाटते, एवढंच. तोंड उघडलं आणि खोकलो.

४ डिसेंबर, बुधवार
हनीफकडे गेलो. माफी मागायचीच असं ठरवून गेलो होतो. तो एका मोटारीखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते. मी पायांशी हवापाण्याचं बोललो. मोटारीखालूनच म्हणाला, ‘जाऊ द्या, उद्धवराव. मला लोक हसले तर हसले. पण माझी बायको नळावर जात नाही तीन दिवस. तिचं काय ते बघा.’

 परत आलो.

दुपारी चिमाजी आला. शालननेच तार करून कळवलं होतं. तिने ट्रंक भरली. भांडली नाही, रडली नाही. एस.टी.त बसताना म्हणाली, पारावर सांगितलंत तसं खोटं मलाही सांगितलंत. पारावर खरं सांगाल, मग मला न्यायला या. मी सोबत म्हणून बिस्किटांचा पुडा दिला. मऊ निघाला असणार. सोपानरावांकडचा.

रात्री आत निजलो. पडवीपेक्षा आत थंडी जास्त आहे.

८ डिसेंबर, रविवार
ठरवलं. आज सांगायचं. आरशासमोर तालीम केली. बाटली माझी. जाहिरात वाचून मागवली. उपयोग झाला नाही. हनीफची आणि भाभींची माफी. चार वाक्यं. स्वच्छ धोतर नेसून पारावर गेलो.

कोणी नाही.

वाट पाहिली. मग लक्षात आलं. ज्याच्या त्याच्या घरी फळीवर सिंह आहे. आज कोणाची बायको काय घेऊन येईल या धास्तीने एकही गडी फिरकला नाही. हनीफही नाही. भैरूला लांबून येताना पाहिलं, पण मला बघून तो देहूरोडकडे वळला.

तरी उभा राहिलो आणि सांगितलं. मोठ्याने. चारही वाक्यं.  लग्नानंतर पहिल्यांदा खरं बोललो असेन. मारुतीने ऐकलं. समोर दुकानात सोपानराव डाळ जोखत होते.

तिकडे गेलो. म्हणालो, तुम्ही ऐकलंत ना? मग तसं चार लोकांत सांगा. कराडलाही एक ओळ लिहा, की मी पारावर खरं बोललो. सोपानरावांनी तागडी खाली ठेवली. म्हणाले, ‘ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. पण मी सांगून काय उपयोग, उद्धवराव? माझ्या मापावर कोणी विश्वास ठेवू नये, असं तुम्हीच गावाला सांगून बसलात.’

घरी आलो. फळीवर मुंग्या अजून येतात.

हनीफचं दार उघडं होतं, दिवा होता. भाभींचा आवाज येत होता. चार पावलांवर. जायला हवं होतं. उद्या जातो.

शालनला आणायला मात्र स्वतः जायचं. येत्या शनिवारच्या एस.टी.ने, नक्की. खोकला कमी झाला तर.